शबद कीर्तनाची साथ : तबल्याच्या प्रकल्प नोंदी, नांदेड

१० ऑगस्ट २०२५, रविवार

ठरलं एकदाचं. वीरजींच्या जथ्यातला (कीर्तन करणाऱ्या मंडळीतला) तबलजी कामासाठी इटलीला गेला आणि तेव्हापासून त्यांचं कीर्तन कुणाकुणाला बोलावून चाललंय, म्हणून काल चहावर वीरजी म्हणले, यार तू रोज संध्याकाळी मोबाईलवर लेहरा (तालाच्या आवर्तनाला धरून फिरणारी धून) लावून एकटाच वाजवत बसतोस, आमच्याकडं ये की. मी म्हणलं मला गुरमुखी वाचता येत नाही, शबद, म्हणजे गुरू ग्रंथ साहिबमधली पदं, पाठ नाहीत, माझं सगळं शिक्षण म्हणजे गांधर्वच्या परीक्षा आणि गावाकडचे सप्ते. तर म्हणे सप्त्यात वाजवलंयस ना, मग निम्मं झालं.

तर टार्गेट असं की ५ नोव्हेंबरला गुरू नानकांचं प्रकाशपर्व, त्या सकाळी आमच्या भागातल्या छोट्या गुरुद्वाऱ्यात जथ्यासोबत पूर्ण वेळ साथ करायची. हजूर साहिबच्या दरबारात नाही हां, तिथं हजुरी रागी, म्हणजे तिथले नेमलेले कीर्तनकार, असतात, ते जग वेगळं. तयारी तीन गोष्टींची: केरवा-दादऱ्यातले नेहमीचे शबद, पहाटे गायची आसा दी वार ही लांब रचना, आणि एक पडताल, म्हणजे मधे ताल बदलत जाणारा शबद. पडताल हा ज्ञानीजींचा, म्हणजे जथ्यातल्या मुख्य गायकांचा, हट्ट आहे. त्यांच्या मते हल्ली जथे ते गातच नाहीत कारण तबलजी घाबरतात.

१३ ऑगस्ट

केरवा घेतला. धा गे ना ती न क धी ना, शेजारचं पोरगंही वाजवतं. ज्ञानीजींनी त्यांच्या जुन्या कीर्तनाची रेकॉर्डिंगं पाठवलीत, हेडफोन लावून फक्त तबला ऐकायला बसलो तर लक्षात आलं की हा माणूस जवळपास काहीच वाजवत नाहीये! ठेका, ठेका, ठेका, ओळ संपली की दोन मात्रांत एवढंसं काहीतरी, परत ठेका. आपल्या भजनात टाळ असतात, पंधरा-वीस जोड्या एकदम वाजायला लागल्या की तबल्याला दणकून वाजवल्याशिवाय इलाज नसतो, नाहीतर तो आहे का नाही ते पण कळत नाही. इथं टाळ नाहीत (काही जथ्यांत चिमटा असतो, ह्यांच्यात नाही). दोन पेट्या, दोन-तीन गळे आणि तबला, बास. त्यामुळं बोलाबोलांच्या मधे भरपूर मोकळी जागा दिसते आणि हात सारखा तिकडं धावतो.

आज लय ७० वर ठेवून नुसता ठेका, एकही भरणी (ठेक्याच्या मधे भरायचे जादा बोल) नाही, असं सलग वाजवलं. कंटाळा येतो खरं सांगायचं तर. उद्या परत.

१७ ऑगस्ट, रविवार

वाद्यांचं. ज्ञानीजी काळी दोनला गातात (पेटीची दुसरी काळी पट्टी हा त्यांचा सा), वीरजी स्वतः गातात तेव्हा काळी एक. माझा सव्वापाच इंची तबला काळी एकला मस्त बसतो, पण काळी दोनला चढवायचा म्हणजे गठ्ठे पार खाली आणि वाद्या तारेसारख्या ताणलेल्या, पुडी कधी जाईल नेम नाही. म्हणून कपाटातला पाच इंची काढला. त्याची शाई (मधला काळा गोल) अजून चांगली आहे, लवेचा (शाईभोवतीच्या मोकळ्या पट्ट्याचा) आवाज पण मोकळा आहे, फक्त गजऱ्याजवळ (कडेच्या वेणीजवळ) एका घरात चाट (कडेची पट्टी) बसकी बोलते. हातोडीनं तेवढं घर वर घेतलं.

पण पाऊस असा धरलाय की सकाळी सुरात लावलेला तबला दुपारी अर्ध्या सुरानं उतरतो. बल्बखाली ठेवायचा जुना उपाय चालू केलाय, आई म्हणते पिल्लं उबवायलास का.

२४ ऑगस्ट, रविवार

पहिली बैठक, ज्ञानीजींच्या घरी. वाजवायचं नाही, ऐकायचं असं आधीच सांगितलेलं.

चौकीचा आकार समजून घेतला. कीर्तनाच्या एका बैठकीला चौकी म्हणतात. जुन्या पद्धतीनं सुरवात शानपासून, म्हणजे नुसतं वाद्यवादन, त्यात तबल्याला किंवा जोडीला मोकळं सोडतात. मग मंगलाचरण, संथ. मग रागातला शबद, मग जरा सोप्या चालीचा, आणि शेवटी पौडी, म्हणजे ‘वार’ ह्या लांब रचनेतलं एक कडवं. हल्ली वेळ कमी म्हणून शान बहुतेक गळते आणि सरळ शबद सुरू होतो, ज्ञानीजींना ते आवडत नाही.

शबदाची रचना आपल्याला कळायला सोपी आहे. ज्या ओळीपुढं ‘रहाउ’ लिहिलेलं असतं ती स्थायी, गाताना परत परत तिथं यायचं, बाकीच्या ओळी अंतरे. गुरू ग्रंथ साहिबमधे बहुतेक सगळी बाणी रागांप्रमाणंच लावलेली आहे, मुख्य ३१ राग, श्रीरागापासून जैजैवंतीपर्यंत, आणि शबदाच्या डोक्यावर राग, कुणाची रचना आणि ‘घर’ कितवं ते लिहिलेलं. ह्या घराचा संबंध तालाशी लावणारे पण आहेत आणि सुरांशी लावणारे पण. ज्ञानीजी म्हणतात, तू आधी रहाउ ओळख, घराचं पुढच्या जन्मी बघू.

आणि एक गोष्ट जी रेकॉर्डिंगमधे कळली नव्हती. प्रमाण. शबद रंगात आला की रागी मधेच थांबतो आणि त्याच अर्थाची दुसरी एखादी ओळ, दुसऱ्या गुरूंची, कबीराची, फरीदाची, मोकळ्या लयीत म्हणतो. एक ओळ म्हणेल, चार म्हणेल, मग अचानक रहाउवर उतरेल. ठेका खालून चालूच. म्हणजे वर गाणारा तालाच्या बाहेर, खाली तबला तालात, आणि कधी भेटायचं ते फक्त गाणाऱ्याला माहीत. आपल्याकडं कीर्तनकार बुवा निरूपण करताना मृदंग गप्प बसतो, तसं इथं नाही.

जाता जाता: डोक्यावरचा रुमाल. तो केशरी तयार रुमाल मान हलली की सरळ डोळ्यावर येतो आणि दोन्ही हात तबल्यावर असल्यावर करणार काय. वीरजींच्या मुलानं पटका बांधून दिला, कसा बांधायचा त्याचा व्हिडिओ पण काढून ठेवला.

२७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर

गणपती. आरत्या, भजनाचे कार्यक्रम, मंडळाचा स्पीकर. रियाज शून्य, हात मात्र गरम राहिले.

९ सप्टेंबर

प्रमाणावर काम. एकट्यानं प्रॅक्टिस कशी करायची हा प्रश्न होता, कारण लेहऱ्याला ताल सोडून जाता येत नाही. शेवटी असं केलं की ज्ञानीजींच्या रेकॉर्डिंगमधले प्रमाणाचे तुकडे कापून घेतले आणि ते एकापाठोपाठ लावून त्याखाली केरवा धरला. पहिली अडचण ही की माझा उजवा हात दर आठ मात्रांनी सम (आवर्तनाची पहिली मात्रा) ‘दाखवायला’ बघतो. सवयच तशी. सम आली की धा जरा वजनदार, डग्ग्याला घुमारा. पण वर रागी मोकळं गातोय आणि खालून तू दर आवर्तनाला इथं सम, इथं सम करायला लागलास तर ऐकणाऱ्याचं लक्ष त्या ओळीवरून उडतं. मग धा आणि बाकीचे बोल एका पातळीवर आणले, डग्गा फक्त बोटाच्या टोकानं, मनगट उचलायचंच नाही. असा केरवा वाजवला की तो वर्तुळासारखा न वाटता सरळ पट्ट्यासारखा वाटतो, सुरवात कुठं शेवट कुठं काही नाही.

मग उतरण्याची जागा. ज्ञानीजींचा श्वास ऐकला की कळतं. प्रमाणाची शेवटची ओळ ते खालच्या षड्जावर आणून सोडतात, पेटीचा भाता एकदा मोठा भरतात आणि मग रहाउ. तो भाता दिसला की तीन-चार मात्रा हातात असतात, तेवढ्यात एक छोटा मुखडा आणि समेवर भेट. भात्याकडं बघून वाजवतो हे अजून त्यांना सांगितलेलं नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

गावाकडून काका आलेत. काका वारकरी, आयुष्यभर पखवाज, डाव्या अंगाला कणीक लावून वाजवणारे. त्यांना मी मोबाईलवर जोडीचं वादन ऐकवलं, काही न सांगता. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणले कणीक लावलेली दिसायली. बरोब्बर. जोडी म्हणजे पंजाबातलं तबल्यासारखं दोन भांड्यांचं वाद्य, पण डाव्याला, म्हणजे धाम्याला, शाईच्या जागी ओली कणीक लावतात आणि हात खुला, पखवाजासारखी पंजाची थाप. शीख परंपरेत सांगतात की गुरू अर्जनदेवांच्या काळात सत्ता आणि बलवंड ह्या रबाबींनी मृदंगाचे दोन भाग करून ही जोडी काढली. ह्या दोघांची रामकली रागातली वार ग्रंथातही आहे. तबल्याचं पंजाब घराणंही मुळात पखवाजातूनच आलेलं, मियाँ कादिर बख्श, त्यांचे शागीर्द अल्लारखाँ आणि मग झाकीरभाई, त्यामुळं तिकडच्या कीर्तनातल्या तबल्यात पण तो खुला बाज डोकावतो.

काकांना घेऊन ज्ञानीजींकडं गेलो. दोघांचं मराठी-दखनीत असं जमलं की मी आणि वीरजी बाजूलाच. ज्ञानीजी इथलेच, त्यांच्या पिढ्या नांदेडात गेल्या, मराठी आपल्यासारखीच बोलतात. पेटीवरून विषय निघाला. पेटी तर इंग्रजांच्या काळात आली, त्याआधी रबाब, सरंदा, ताऊस, दिलरुबा. २०२२ ला अकाल तख्ताकडून (शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाकडून) हरमंदिर साहिबच्या, म्हणजे अमृतसरच्या सुवर्णमंदिराच्या, कीर्तनात तंतुवाद्यं परत आणायची सूचना झाली तेव्हा इथंही चर्चा झाली होती म्हणे. ज्ञानीजींच्या घरी एक दिलरुबा आहे, त्यांनी काढून दहा मिनिटं वाजवला, मी सोबत केरवा धरला, आणि पेटीसोबत जेवढ्या आवाजात वाजवतो त्याच्या निम्म्यात सुद्धा तो झाकून टाकत होता. काका म्हणले चाटेवर बोट कमी टेकव. टेकवलं कमी, जमलं.

२१ सप्टेंबर, रविवार

पडतालला हात घातला. कानडा रागातली गुरू रामदासांची रचना. पडताल हा प्रकार गुरू रामदास आणि गुरू अर्जनदेव ह्या दोघांच्याच रचनांत सापडतो, आणि वर नुसतं ‘पडताल’ लिहिलेलं असतं. कोणते ताल ते लिहिलेलं नाही. रहाउ एका तालात आणि अंतऱ्यांना ताल बदलत जायचा, ताल कोणते ते ज्याच्या त्याच्या घराण्याची चाल ठरवते. ज्ञानीजींच्या चालीत रहाउ तीनताल, पहिला अंतरा झपताल, दुसरा रूपक, तिसरा एकताल, आणि प्रत्येक अंतऱ्यानंतर परत तीनतालात रहाउ.

मात्रेची लय एकच ठेवायची हे आधी ठरवून घेतलं, १६ मधून १० मधे जाताना मात्रा लहान-मोठी करायची नाही. कागदावर हे सरळ आहे. टाळी देत पढंत केली (बोल तोंडानं म्हणले) तेव्हाही सरळ. गोची कुठं आहे तर परत येताना. रहाउची ओळ समेवरून उठत नाही, खालीवरून (टाळी नसलेल्या जागेवरून) उठते, नवव्या मात्रेवरून. म्हणजे झपतालाचं आवर्तन संपलं, धी धी ना, आणि पुढच्या मात्रेला तीनतालाची सम नाही तर नववी मात्रा! तिथून धा तिं तिं ता, ता धिं धिं धा, आणि मग सम. कानाला मात्र तो नवव्या मात्रेचा धा समेसारखा ऐकू येतो आणि पुढची खरी सम आली की वाटतं आठ मात्रा जास्त झाल्या का काय.

ह्या आठ मात्रांसाठी मी एक झकास तिहाई बसवली होती. तिट कत धा, तीनदा. नवव्या मात्रेपासून धरली की पहिला धा अकराव्यावर, दुसरा चौदाव्यावर, तिसरा थेट समेवर, एक कण शिल्लक नाही. ज्ञानीजींसमोर वाजवली. ते थांबले, पेटीवरचा हात काढला, आणि विचारलं, ह्या आठ मात्रांत मी काय म्हणालो? मला सांगता येईना, मी तिहाई मोजत होतो. म्हणे संगतीला, म्हणजे समोर बसलेल्या लोकांना, पण सांगता येणार नाही.

रहाउची अर्धी ओळ त्याच आठ मात्रांत बसते, तर तिथं तिहाई टाकायचीच नाही. नुसता तीनतालाचा ठेका, तो पण हलका. तिहाई मग कुठं, तर ओळ पूर्ण म्हणून झाल्यावर पेट्या एकट्या वाजतात त्या आवर्तनात. तिथं हवी तेवढी घे म्हणले. घेतली. तिथं ती शोभते पण.

२८ सप्टेंबर, रविवार

पाऊस थांबायला तयार नाही, गोदावरी भरून वाहायलीय, विष्णुपुरीचे दरवाजे उघडेच आहेत, गावाकडं सोयाबीन पाण्यात. बैठक रद्द. वीरजी लंगरच्या सेवेत, पाणी शिरलेल्या भागात जेवण पोचवायलेत. मी पण दुपारी गेलो पोळ्यांच्या कामाला.

रात्री घरी रूपक. ती ती ना, धी ना, धी ना. रूपकाची सम खाली असते, तिथं डग्गा नाही, हे पहिल्या वर्षापासून माहीत आहे, पण पडतालमधे त्याचा त्रास वेगळाच होतो. तीनतालाच्या भरलेल्या धा वरून रूपकात गेलं की अंतऱ्याचा पहिला शब्द, जो नेमका वजनाचा असतो, तो येतो ‘ती’ वर, एकदम पोकळ. पायरी हुकल्यासारखं वाटतं. पहिल्या आवर्तनापुरता समेला डग्गा लावून बघितला, म्हणजे धी धी ना, तर शब्दाला आधार मिळतो पण रूपकाचा चेहरा जातो आणि पुढच्या आवर्तनात खरा ठेका धरला की परत हिसका. फोनवर विचारलं. ज्ञानीजी म्हणले राहू दे पोकळ, माझा शब्द भरेल ती जागा, तू फक्त ‘ती’ स्वच्छ काढ, शाईवर घट्ट, गुंजू देऊ नको.

२ ऑक्टोबर, दसरा

शहरभर बाहेरगावची संगत, पंजाबच्या गाड्या फुल्ल. हल्लाबोल (दसऱ्याची शीख मिरवणूक) बघायला पोरांना घेऊन गेलो. आज सुट्टी.

७ ऑक्टोबर

आसा दी वार सुरू केली आणि हे सगळ्यात मोठं काम आहे. पहाटेचं कीर्तन. २४ पौड्या, प्रत्येक पौडीआधी सलोक (श्लोक), गुरू नानकांचे आणि काही गुरू अंगदांचे, आणि सोबत गुरू रामदासांचे छंत (गायची पदं) गुंफलेले. वरती लिहिलेलं असतं की टुंडे असराजाच्या वारीच्या धुनीवर गावी. म्हणजे लोकांच्या ओठावर असलेल्या एका वीरगाथेची चाल, आपल्याकडच्या पोवाड्याच्या जवळची गोष्ट. पौडीत तो आवेश अजून आहे.

तबल्याच्या बाजूनं बघितलं तर असं: छंत तालात, सलोक बिनतालाचा, तबला गप्प, पौडी तालात आणि चढ्या आवाजात. मग परत छंत. हे चोवीस वेळा. ज्ञानीजी पौडीची चाल चार मात्रांत मोजतात, खुले बोल, थाप देऊन. इथं मात्र हात मोकळा सोडायचा, इतके दिवस दाबून ठेवलेला डग्गा इथं बोलू द्यायचा. काका असते तर खूश झाले असते.

अडचण सलोकाची आहे, जिथं मी वाजवतच नाही. सलोक चालू असताना हात मांडीवर, थंड होतात, आणि पौडी एकदम वेगात उठते. सलोक कधी दोन ओळींचा असतो, कधी लांबलचक. तर आता पाठ करायला घेतलंय, प्रत्येक पौडीआधीच्या शेवटच्या सलोकाचे शेवटचे तीन-चार शब्द, देवनागरीत लिहून. वीरजी म्हणतात सगळंच पाठ कर ना मग. बरोबर आहे, पण नोव्हेंबर जवळ आलाय.

१४ ऑक्टोबर

पौड्या पहिल्या बारा, सलग. मनगट दुखलं. नोंद संपली.

१९ ऑक्टोबर, रविवार

गुरुद्वाऱ्यात साऊंड बघून आलो. हॉलला एसी, वर लोखंडी पत्रा, खाली सतरंज्या, आवाज कसा फिरतो सांगता येत नाही. साऊंडवाल्या पोरानं डग्ग्याला माईक पुडीपासून चार बोटांवर लावला आणि बेस पूर्ण वर केला, तळहात घासून एक घिस्सा दिला तर मागची कपाटं हादरली. त्याच्या मते संगतीला हेच आवडतं. बराच वेळ गोड बोलून माईक वीतभर लांब नेला, बेस अर्ध्यावर आणला, आणि तबल्याचा माईक शाईवर न रोखता थोडा कडेला वळवला. मग वीरजींना हॉलच्या अगदी मागं चपलांच्या खोलीच्या दारात उभं केलं आणि ज्ञानीजींनी एक शबद म्हणला. वीरजींनी तिथून अंगठा दाखवला. शब्द ऐकू आले का, एवढंच विचारलं होतं.

एसीमुळं तबला चढतो, तासाभरात पाव सूर वर. पावसात उतरायचा, इथं चढतो, असो.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी झाली. काका परत आलेत, त्यांच्यासाठी म्हणून ज्ञानीजींनी नामदेवांचा शबद काढला, रामकलीतला, पतंगाचा. ग्रंथात नामदेवांचे ६१ शबद आहेत. पोरगा कागदाचा पतंग उडवतो, दोस्तांशी गप्पा मारतो पण चित्त दोरीत. पाणी आणणाऱ्या बायका हसत बोलत येतात पण चित्त घागरीत. असं एकेक चित्र पुढं येत जातं. काकांना काही समजावून सांगावं लागलं नाही, ‘आणीले कागद’ म्हणल्याबरोबर मान डोलायला लागली. नर्सी इथून किती लांब, बाजूच्या हिंगोलीतच तर आहे, आणि तिकडं पंजाबात घुमानला त्यांचं मोठं स्थान, २०१५ चं साहित्य संमेलन झालं ते गाव. काकांनी घुमान बघायचं ठरवून टाकलंय, सचखंड एक्सप्रेसचं तिकीट मी काढायचं असं पण ठरवून टाकलंय.

दादरा वाजवला, धा धी ना धा ती ना. अंतऱ्यात प्रत्येक ओळ चित्र संपवून ‘चित्त’ वर येते, तिथं आधी मी लग्गीची (जलद, नाचऱ्या बोलांची) सुरवात करत होतो. आता तिथं ठेका पण बारीक करतो आणि लग्गी रहाउ दुसऱ्यांदा म्हणल्यावरच. काकांनी त्यांच्या पद्धतीनं शेवटी द्रुत भजनी वाजवून दाखवला ह्याच शबदाला. ज्ञानीजी हसले आणि त्या लयीत गायले पण! मजा आली, ५ तारखेला मात्र दादराच.

२ नोव्हेंबर, रविवार

रंगीत तालीम, हॉलमधे, पहाटेपासून. आसा दी वार पूर्ण, मग पतंगाचा शबद, मग पडताल. रूपकावरून तीनतालात परत येताना ज्ञानीजींनी मुद्दाम रहाउ उशिरा उचलला, एक आवर्तन थांबून. बहुतेक बघत होते मी काय करतो. मी रूपकच धरून राहिलो, त्यांनी भाता भरल्यावर बदललं. काही बोलले नाहीत, चहा मागवला.

५ नोव्हेंबर, प्रकाशपर्व

थोडक्यात लिहितो, झोप आलीय.

पहाटे हॉल अर्धा, सातपर्यंत दारापर्यंत भरला. आम्ही बसतो ती जागा गुरू ग्रंथ साहिबच्या आसनापेक्षा खाली, बाजूला, त्यामुळं समोरून माथा टेकायला येणारी रांग आमच्या अगदी जवळून जाते. कुणी पेटीसमोर दहाची नोट ठेवतं, कुणी शंभराची, एक आजी नोट ठेवताना प्रत्येकाकडं बघून हात जोडत होत्या, माझ्याकडं पण. त्या वेळी वार चालू, हात जोडता येईनात, मान वाकवली.

इथं टाळ्या नाहीत, हे माहीत होतं तरी पडताल संपल्यावर, एकतालातून शेवटच्या रहाउवर आल्यावर, ती पेटीच्या आवर्तनातली तिट कत धा नीट समेवर पडल्यावर, कान थोडे वाट बघतातच. काही नाही. ज्ञानीजी सरळ पुढच्या ओळीत. पण दुसरं एक झालं, रहाउ शेवटून दुसऱ्यांदा आला तेव्हा मागच्या रांगा बरोबर म्हणायला लागल्या, आणि ती नवव्या मात्रेवरची उचल शंभरेक माणसं एकदम, न मोजता, बरोब्बर उचलत होती. मी एवढे दिवस बोटं मोजून जे केलं ते त्या आजी आरामात करत होत्या. मी ठेका आणखी हलका केला, माझी फार गरज नव्हती.

प्रमाणात एकदा ज्ञानीजी भाता न भरताच उतरले. डोळे त्यांच्या तोंडाकडं होते म्हणून वाचलो.

मग अरदास (प्रार्थना), कडा प्रसाद, लंगर. जथ्याला सिरोपे (मानाची वस्त्रं) दिले, मला पण. वीरजींनी तबलजीला इटलीला व्हिडिओ पाठवला, त्याचं उत्तर आलं की डग्गा थोडा जास्त आहे. साऊंडवाल्यानं मधेच बेस वाढवला होता, ते मला वाजवतानाच कळलं होतं.

९ नोव्हेंबर, रविवार

हिशोब आणि पुढचं. पाच इंचीची पुडी लवेजवळ चिरली, बदलायला टाकायची, कारागीर म्हणतो आठ दिवस. सव्वापाच इंची तोवर काळी एकलाच, म्हणजे ज्ञानीजींना खाली गावं लागेल, त्यांना सांगितलं तर म्हणले सर्दीच झालीय, बरंच आहे.

गुरमुखीची अक्षरं वीरजींच्या मुलाकडून शिकायला सुरवात, तो माझ्याकडून तीनताल शिकणार.

ह्याच महिन्यात गुरू तेगबहादुरांच्या शहादतीला ३५० वर्षं पूर्ण होतायत, दिल्लीत, नोव्हेंबर १६७५. ज्ञानीजींनी जैजैवंती काढलीय, ग्रंथात ह्या रागात फक्त गुरू तेगबहादुरांचेच शबद आहेत. विलंबित एकताल, लय ४० च्या आसपास, आणि अंतऱ्यात अजिबात चढायचं नाही असं आत्ताच बजावलंय. उद्यापासून मेट्रोनोम ४० वर, धिं धिं धागे तिरकिट.